हनुक्काचा फॉरवर्ड आणि नववी मेणबत्ती

डिसेंबर लागला की आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हनुक्काचा, म्हणजे यहुद्यांच्या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाचा, तो फॉरवर्ड येतोच. वर सोनेरी दीपवृक्षाचं चित्र, खाली मजकूर: प्रभू येशू हनुक्का पाळत असे, तेलाचा चमत्कार बायबलमध्ये आहे, चर्चने हा सण आपल्यापासून लपवला. म्हणून आठ रात्री प्रार्थनासभा घ्या, रोज एक मेणबत्ती लावा, नववी मेणबत्ती म्हणजे ख्रिस्त.

प्रार्थनेला माझी काय हरकत असणार? आठ रात्री सभा घ्या, सतरंज्या घालायला मी येतो. पण मजकूर तपासूनच पुढे पाठवू या.

'येशू हनुक्का पाळत असे.' आधार एकच, बायबलमधल्या योहानाच्या पुस्तकातला, 10:22-23. समर्पणाचा सण (म्हणजे हनुक्काच) होता, हिवाळा होता आणि येशू मंदिरात शलमोनाच्या देवडीत फिरत होता, एवढंच तिथे आहे. तो यहुदी होता, सणाला यरुशलेमेत होता, पाळतही असेल. पण त्या उताऱ्यात ना दिवा आहे ना तेल. थोडं पुढे वाचलं तर लोकांनी त्याला मारायला उचललेले धोंडे मात्र आहेत. फॉरवर्डमध्ये चिकटवलेलं 'मी जगाचा प्रकाश आहे' हे वचन आठव्या अध्यायातलं. त्याची पार्श्वभूमी शरद ऋतूतल्या मंडपांच्या सणाची, म्हणजे यहुद्यांच्या दुसऱ्याच एका सणाची.

'तेलाचा चमत्कार बायबलमध्ये आहे.' आमच्या घरातल्या मराठी बायबलात 66 पुस्तकं आहेत, त्यांत या सणाची हकिकत सांगणारी मक्काबींची पुस्तकं नाहीत. कॅथलिक बायबलात ती आहेत, पण तिथेही हा चमत्कार सापडत नाही. अंतियोख या ग्रीक राजाने यरुशलेमेतलं मंदिर विटाळलं, यहुदी बंडाचा पुढारी यहूदा मक्काबी याने ते परत मिळवलं आणि इ.स.पू. 164 मध्ये नवी वेदी बांधून आठ दिवस सण केला, अशी ती हकिकत आहे. आठच दिवस का? मक्काबींचं दुसरं पुस्तक म्हणतं, तो सण मंडपांच्या सणासारखा साजरा केला, आणि तोही आठ दिवसांचाच. एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरल्याची गोष्ट येते ती कित्येक शतकांनंतरच्या तालमुदात, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात.

जाता जाता आपल्याकडचं. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून ते शनिवार तेली. पण या तेल्यांच्याच जुन्या सणांत हनुक्का नव्हता. बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर तो त्यांच्याकडे आला.

'चर्चने लपवला.' चांगलंच लपवलं म्हणायचं! मंदिराच्या शुद्धीकरणाचा तोच उतारा कॅथलिक चर्चमध्ये दर विषम वर्षी नोव्हेंबरात, रोजच्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, वाचला जातो.

आता मेणबत्त्या. चित्रातल्या दीपवृक्षाच्या शाखा मोजा: सात. तो मंदिरातला मेनोरा. हनुक्काच्या दिव्याला आठ आणि एक अशा नऊ जागा असतात. 'रोज एक' हेही अर्धवट, कारण पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन अशा त्या चढत जातात. नववी धरून एकूण 44 लागतात.

आणि ती नववी? तिला शमाश म्हणतात, म्हणजे सेवक. सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची, देखभाल करणाराही शमाशच. हनुक्काचे दिवे नुसते बघायचे, त्यांच्या उजेडात वाचायचं नाही, काम करायचं नाही, असा नियम आहे. म्हणून कामाच्या उजेडासाठी ही वेगळी ज्योत. बाकीच्या पेटवायच्या त्याही हिनेच. ज्याच्या घरचा दिवा, त्याने सांगितलेला अर्थ हा असा. राजाने आपला देव आणि आपल्या रीती लादल्या, त्या नाकारणाऱ्यांचा हा सण. त्यांच्याच दिव्यावर आपण आपला अर्थ चढवायचा आणि वर 'हाच खरा अर्थ' म्हणायचं, हे मला तरी बरं दिसत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या सभेत योहानाचा दहावा अध्याय लावला होता. मध्येच लाईट गेली. मावशींनी देवळीतली मेणबत्ती पेटवून वाटीत उभी केली आणि बाविसाव्या वचनापासून पुढचं आम्ही तिच्याच उजेडात वाचलं.