श्रेय फक्त प्रशिक्षकाचं?

बुडते फुटबॉल क्लब सावरणाऱ्या प्रशिक्षकांवरचा तुमचा लेख आवडला, पण क्लब सावरला की सगळं श्रेय नव्या प्रशिक्षकाच्या पदरात टाकायचं, हे काही पटलं नाही. जर्मनीतल्या युनियन बर्लिन या क्लबचंच बघा. 2004 मध्ये लीगमध्ये खेळायच्या परवान्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा समर्थकांनी रक्तदान केलं आणि त्याचा मिळालेला मोबदला क्लबला दिला. (जर्मनीत काही ठिकाणी रक्तदात्याला पैसे मिळतात.) मग 2008-09 मध्ये मोडकळीला आलेलं स्टेडियम दोन हजारांवर समर्थकांनी स्वतः राबून उभं केलं, सुमारे 1 लाख 40 हजार तास! कुणी सुट्टी टाकून फावडं धरलं, कुणी सिमेंट कालवलं. 2019 मध्ये क्लबचा बुंडेसलिगातला, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगमधला, पहिला सामना झाला, तेव्हा तो दिवस न पाहताच गेलेल्या समर्थकांचे मोठे फोटो हातात धरून लोक उभे होते. ते दृश्य बघून माझ्या तर घशात आवंढा आला.

आणि किटमन, म्हणजे खेळाडूंचे कपडे-बूट सांभाळणारा माणूस? पराभवानंतर ड्रेसिंग रूममधले चिखलाचे मोजे गोळा करणारा तोच. कोणता खेळाडू खचलाय हे प्रशिक्षकाआधी त्याला कळतं. मालक बदलतात, प्रशिक्षक तर हंगामात दोनदोन. हा मात्र तिथेच. लेखात त्याच्यावर एक ओळसुद्धा नसावी?