सीवर्ल्ड "गावाने घालवलं" म्हणणाऱ्यांसाठी

आज फॅमिली ग्रुपवर परत तेच. कोणीतरी परदेशातल्या मत्स्यालयाचा व्हिडिओ टाकला, काचेच्या बोगद्यातून माणसं चाललीयत, डोक्यावरून शार्क जातोय, आणि खाली आमच्या ठाण्याच्या चुलतभावाने लिहिलं, "हेच आपल्या मालवणात झालं असतं, गावकऱ्यांनी घालवलं. कोकणी माणूस सुधारायचा नाही." भराभर अंगठे पडले त्याला. ग्रुपवर काका-मामा सगळे आहेत म्हणून मी तिथे काही बोलले नाही, पण दिवसभर डोक्यातून जाईना. इथे लिहितेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. मालवण तालुक्यात वायंगणी-तोंडवळीला सीवर्ल्ड नावाचा मोठा थीम पार्क करायचं सरकारच्या मनात होतं. जागा किती, तर आधी १३९० एकर. गाव रस्त्यावर आल्यावर म्हणाले ३५० एकरात बसवतो. अहो मग उरलेले हजार एकर कशाला मागत होतात? त्या हजार एकरात कोणाची काजू, कोणाची कलमं, कोणाचं घर, कोणाचं देऊळ. याचं सरळ उत्तर मी आजपर्यंत कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

माझी आत्या वायंगणीत दिलेली. त्या गडबडीच्या काळात मी मे महिन्यात तिच्याकडे होते आणि दोन माणसं आली, पॅंट-शर्टवाली, हातात नकाशाची गुंडाळी. नक्की कोण, कुठल्या ऑफिसची, ते काही त्यांनी सांगितलं नाही. पडवीत बसून त्यांनी समजावलं की इथे हॉटेलं होतील, मोठे मोठे टॅंक होतील, रोज हजारो पर्यटक येतील, तुमच्या मुलांना घरच्या घरी नोकऱ्या. आत्याने सगळं ऐकून घेतलं, त्यांना कोकम सरबत दिलं आणि एवढंच विचारलं, "पाणी खयसून हाडतलात?" म्हणजे कुठून आणणार. ते म्हणाले, होईल व्यवस्था, सरकार करेल. ती म्हणाली, "आमची बाव (विहीर) मार्चात तळ गाठता, तेवा खय होता सरकार?"

बस. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. चौथी शिकलेली बाई, तिला जे पहिल्या मिनिटाला सुचलं ते नकाशावाल्यांना सुचलं नव्हतं.

आणि हा प्रश्न साधा नाहीये. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, उताराने समुद्राला जातं. जे काही सड्यात, म्हणजे वरच्या जांभ्याच्या उघड्या माळात, मुरतं त्यावर खालच्या विहिरी आणि वहाळ जगतात. तोच सडा कागदावर "पडीक" दिसतो. त्यावर काँक्रीट ओतलं की खालच्या बावींचं काय होणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही, आणि किनाऱ्याजवळ जास्त उपसा केला की विहिरीत खारं पाणी शिरतं हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. तोंडवळी-तळाशील तर बघा कुठे आहे! एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. दर पावसाळ्यात समुद्र तिचा लचका तोडतो, तिथली माणसं धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज करतायत. बंधाऱ्याला पैसे नाहीत आणि शार्कच्या टॅंकला आहेत?

डॉल्फिन शोचीही चर्चा होती तेव्हा. २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने देशभर डॉल्फिनेरियमना परवानगी नको म्हणून सांगितलं. त्याआधी १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या पार्कात बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत मेले होते. आणि आमच्याकडे ते कोंडून कशाला दाखवायचेत, तारकर्ली-देवबागला सकाळी होडीत बसा, नशीब असेल तर मोकळे दिसतात. ती होडी गावातल्याच कोणाची तरी असते. पैसे गावात राहतात. आज मालवणात स्कुबाला नेणारी पोरं, घराच्या दोन खोल्या न्याहारी-निवासला देणाऱ्या बायका, पर्यटन त्यांनीही केलंच ना? १९९७ पासून सिंधुदुर्ग "पर्यटन जिल्हा" आहे, आणि जे काही बरं झालंय त्यातलं बरंचसं या माणसांनी स्वतःच्या हिमतीवर केलंय.

हो, मान्य, नोकऱ्या नाहीत. आमच्या घरातली सगळी पोरं मुंबईला गेली, मीही गेले, आत्याचा मुलगाही गेला. चुलतभावाचा राग तिथून येतो हे मला कळतं, गणपतीला गाव भरतो आणि अकराव्या दिवशी घरांना कुलपं लागतात हे बघून त्यालाही वाईट वाटतं. पण तिकीट फाडायच्या आणि गेटवर उभं राहायच्या नोकरीसाठी स्वतःची जमीन द्यायची आणि त्याच जमिनीवर युनिफॉर्म घालून उभं राहायचं, याला विकास म्हणायला माझी जीभ वळत नाही. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ ला सुरू झालं, अख्खी मुंबई तिथे जाऊन नाचली, आणि गोराईची माणसं बोरिवलीला यायला आजही बोटीत बसतात, नाहीतर उत्तन-भाईंदरचा वळसा. पार्क आला म्हणजे गावाचं भलं होतंच, हे गृहीत धरणाऱ्यांनी एकदा त्या बोटीत बसावं.

अजून एक, हे बोलताना मला भरून येतं. वायंगणीत गावपळण असते. देवाच्या कौलाने अख्खा गाव, म्हातारेकोतारे, गुरं, कोंबड्या, सगळं घेऊन वेशीबाहेर जातो, राहुट्यांत राहतो, तीन दिवसांनी पुन्हा कौल घेऊन परत येतो. तेवढे दिवस गावात माणूस नाही, चूल नाही. कोणी म्हणेल अंधश्रद्धा, म्हणा. पण जो गाव स्वतःच्या मर्जीने असा उठतो आणि सगळा मिळून परत येतो, त्या गावाला "उठा, मोबदला घ्या" म्हणताना कोणाला एकदाही चर्रर्र झालं नाही? आणि मोबदला तरी कोणाला, आमच्याकडे एकेका सातबारावर पन्नास-पन्नास नावं, अर्धी मुंबईत, काही वारलेली. त्या सामायिकात एजंट कसे घुसतात ते मी बघितलंय. मुंबईतल्या एका वाटेकऱ्याची सही घ्यायची आणि गावात राहणाऱ्या म्हातारीला सांगायचं, तुझ्या घरच्यांनी दिली, तू कशाला अडतेस. आत्यालाही हेच सांगितलं होतं. ती अडली. तिच्यासारख्या कितीतरी जणी अडल्या, उन्हात मोर्चात गेल्या, आणि आज त्यांनाच ग्रुपवर "सुधारणार नाही" ऐकायचं?

आता आत्या नाही. बाव तशीच आहे, मार्चात तळ दिसतोच.

उद्या दुसऱ्या नावाने, दुसऱ्या सड्यावर काही आलं तर माझा सरसकट विरोध नसेल. पण वर्षाला किती पाणी लागणार, कुठून आणणार, सांडपाणी कुठे सोडणार हे आधी ग्रामसभेत मराठीत लिहून द्या. मग नकाशा उघडा.

आणि वायंगणी-तोंडवळीच्या कोणाकडे त्या वेळच्या हरकतींच्या, ग्रामसभा ठरावांच्या प्रती असतील तर फोटो काढून कमेंटमध्ये टाका. मला सगळं एका जागी जमवायचंय, गावातली आता कॉलेजात असलेली पोरं मागतायत.