‘लाल वाइन जितकी जुनी तितकी भारी’? सरसकट नाही

फिरता मेसेज असा आहे: ‘लाल वाइन जितकी जुनी तितकी भारी. कपाटात दहा वर्षं पडलेली बाटली सापडली तर उघडून तासभर ठेवा, मग प्या. पण तळाशी गाळ दिसला तर ओतून द्या, ती विषारी झालेली असते.’ यातलं एकही वाक्य जसंच्या तसं घेण्याजोगं नाही.

‘जितकी जुनी तितकी भारी.’ हे मोजक्याच वाइनना लागू पडतं. टिकायला टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरट घटक) आणि आम्लता भरपूर लागते. बहुतेक लाल वाइन मात्र थोड्या वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेल्या असतात. टोकाचं उदाहरण फ्रान्सच्या बोजोले नूवोचं. गामे द्राक्षांचे अख्खे घोस कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या बंद टाकीत ठेवतात. आंबायला सुरुवात द्राक्षाच्या आतच होते, सालीतलं टॅनिन फारसं उतरत नाही आणि पिकल्या केळ्यासारखा वास येतो. तोडणीनंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी, ती विक्रीला येते. तिची सगळी मजा त्या वासात, आणि तो वास देणारी एस्टर नावाची रसायनं बाटलीत हळूहळू मोडत जातात. दहा वर्षांनी बहुधा फिकी, आंबटसर वाइन तेवढी उरते.

‘विषारी होते.’ नाही होत. 12-13 टक्के अल्कोहोल आणि साधारण 3.3 ते 3.8 पीएच, म्हणजे चांगलीच आम्लता, असताना माणसाला आजारी पाडणारे जंतू त्यात वाढत नाहीत. बुचातून हवा शिरली तर जिवाणू अल्कोहोलचं अ‍ॅसिटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगर. चव बिघडते, इतकंच.

गाळाचं म्हणाल तर तो रंगद्रव्य आणि टॅनिन एकमेकांना चिकटून बसलेला असतो. काचेच्या चुऱ्यासारखे खडे टार्टरेटचे, म्हणजे द्राक्षातल्याच आम्लाच्या क्षाराचे. बाटली दिवसभर उभी ठेवा, मग मानेखाली दिवा धरून एका दमात सावकाश ओता आणि गाळ मानेपाशी आला की थांबा. शंका घ्यायची ती गढूळ वाइनला बुडबुडे येत असतील तेव्हा: ती बाटलीत पुन्हा आंबली आहे.

सगळ्यात घातक सल्ला ‘तासभर उघडी ठेवा’ हा. हवेने खुलते ती तरुण, टॅनिनने घट्ट वाइन. जुनी, नाजूक वाइन पंधरा-वीस मिनिटांतही मान टाकते. म्हणून आधी न उघडता बघा. वाइन मानेच्या खाली, खांद्यापर्यंत उतरली असेल किंवा बूच वर सरकून ओघळ आले असतील, तर आशा कमी. जुनं बूच मळसूत्राने भुगा होतं. दोन पात्यांचं ओपनर बुचाच्या कडेने डुलवत उतरवा आणि पिळत वर काढा. तुकडे पडलेच तर बारीक गाळणी लावा. मग पेल्यात दोन बोटं ओतून लगेच हुंगा. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर, कापून काळं पडलेलं सफरचंद, ओला पुठ्ठा: यातला एकही वास आला तर नाद सोडा. काडेपेटीसारखा वास असेल तर मात्र पेला फिरवून पाच मिनिटं थांबा, तो बरेचदा उडून जातो. नुसता विटकरी रंग हा दोष नाही. चव बरी लागली तर 13-14 अंश सेल्सिअसला गार करून त्याच बैठकीत संपवा.

वास स्वच्छ पण चव पार उतरलेली असेल तर सॉसमध्ये घाला. व्हिनेगरकडे झुकलेली घालू नका. आटवताना आंबटपणा उडत नाही, दाटतो.