दिव्याच्या नॉकबद्दल खुलासा

‘अमेरिकेत बाणाला दिव्याचा नॉक (धनुष्याच्या दोरीत अडकणारा बाणाच्या शेपटाचा तुकडा, आत छोटा दिवा असलेला) लावून केलेली शिकार बेकायदा, पोप अँड यंग क्लबही नोंद घेत नाही’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. धनुष्यबाणाच्या शिकारीचे विक्रम नोंदवणाऱ्या या क्लबने २०१४ मध्येच असे नॉक मान्य केले. कायदा राज्यागणिक वेगळा, म्हणून त्या हंगामाची नियमपुस्तिका बघाच.

नॉक पेटतो बाण सुटताना. नेम त्याने सुधारत नाही. संधिप्रकाशात बाण हरणाला नेमका कुठे लागला ते दिसतं, पडलेला बाण सापडतो, माग काढायला मदत होते. साधा नॉक सुमारे १० ग्रेनचा (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम), हा २०-२५ ग्रेनचा. शेपटाकडे वजन वाढल्याने बाण खाली लागू शकतो. सराव त्याच नॉकने करा. शाफ्टमध्ये (बाणाच्या दांड्यात) नॉक सैल बसला तर दिवा दगा देतो.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.