छडी गेली, ठपका राहिला

नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत, शाळेत उशिरा आली म्हणून उठाबशा काढायला लावलेल्या सहावीतल्या मुलीचा काही दिवसांनी मृत्यू झाला. आमच्या शाळेच्या जुन्या ग्रुपवर सगळे हळहळले. मग कुणीतरी लिहिलंच, ‘वाईट झालं, पण धाक हवाच. आम्ही मार खाऊनच घडलो.’ पाठोपाठ मला टोमणा: ‘तुमच्या इंग्लंडात बघा, मास्तर मुलांना घाबरतात.’

मी इथल्या एका माध्यमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, म्हणजे स्टाफच्या उतरंडीत जवळपास तळाला. सरकारी शाळांतून छडी कायद्याने गेली ती १९८७ साली. धाक कुठेही गेलेला नाही. २०२३-२४ या एका वर्षात इंग्लंडमध्ये मुलांना काही दिवस शाळेबाहेर काढण्याच्या साडेनऊ लाखांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या. सर्वाधिक वेळा लागलेलं कारण ‘सतत व्यत्यय आणणारं वर्तन’. यात काहीही बसतं. सरांचं डोकं दुखत असेल तर हसणंसुद्धा.

परवाचाच विज्ञानाचा तास. सर फळ्याकडे वळले आणि पेनाचं टोपण येऊन फळ्यावर आपटलं. मान पुरती वळायच्या आत त्यांच्या तोंडून नाव निघालं. ज्याचं निघालं तो कॅरिबियन घरातला मुलगा, पट्टी धरून आकृती काढत होता. टोपण फेकणारा खिडकीजवळचा, आपल्यातलाच, डॉक्टरांचा मुलगा. तो आता अगदी सज्जनासारखा वहीत डोकं घालून बसला. सरांनी लॅपटॉपवर क्लिक केलं, त्या मुलाच्या नावापुढे त्या दिवसातला तिसरा शेरा लागला आणि दुपारी त्याची रवानगी डिटेन्शनला, म्हणजे शिक्षा म्हणून अडकवून बसवायला. तास संपल्यावर मी सांगायला गेले. ‘थँक्यू, पण आता नोंद झालीय.’ मग त्या इयत्तेच्या प्रमुख बाईंना गाठलं. त्यांचा पहिला प्रश्न: ‘हे सरांनी सांगितलंय का?’ काय घडलं, हे त्यांनी विचारलंच नाही.

शाळेबाहेर काढायचा अधिकार इथे कायद्याने फक्त मुख्याध्यापकांना आहे. पण त्यांच्या टेबलावर जो कागद पोचतो तो अशा शेऱ्यांनी भरलेला असतो, आणि त्या शेऱ्यांमध्ये मागच्या बाकाशेजारी बसलेल्या असिस्टंटने काय पाहिलं ते नसतं.

शाळेबाहेर काढलेल्या मुलांच्या वंशवार सरकारी तक्त्यात वर्षानुवर्षं सगळ्यात वर जिप्सी, रोमा आणि आयरिश ट्रॅव्हलर मुलं. भारतीय वंशाची मुलं पार खाली. इथल्या आपल्या मराठी मंडळातले लोक हा आकडा गणपतीत मोठ्या अभिमानाने सांगतात: संस्कार! असतीलही. पण आपल्या पोराने टोपण फेकलं तरी संशय दुसऱ्यावर जातो, ही सवलत कुणी हिशेबात धरत नाही.

गावाकडे हे वेगळं होतं का? मी माहेरच्या तालुक्यात शिक्षणसेवक होते. वर्गात पैसे हरवले की आधी दप्तर उघडलं जायचं पारध्याच्या पोराचं. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. स्टाफरूममध्ये ती बातमी पोचली नसावी. ‘ड’ तुकडीवर तास घ्यायला जाताना ज्येष्ठ सर हातात पट्टी देऊन सांगायचे, ‘मॅडम, आधी दोघांना द्या, मग शिकवा.’ कोणत्या दोघांना, हे ठरलेलं असायचं. ती पोरं शेतावरून धावत येतात म्हणून उशीर होतो, हे शिपाईमामांना माहीत होतं. पण त्यांना विचारणार कोण?

म्हणून मार हवा की नको एवढ्याच भांडणात मला आता रस नाही. कायद्याने तो केव्हाच संपवलाय. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षाच नव्हे, मानसिक छळसुद्धा बंद करतं. मला विचारायचंय ते पुढचं: दोषी कोण हे कुणी ठरवलं, आणि त्या खोलीत ‘सर, तो नव्हता’ असं म्हणण्याची कुणाची टाप होती का?

इंग्लंडचं कौतुक करावं अशी एकच गोष्ट: इथे कागद होतो. मुलाला काढलं की पालकांना कारणासकट लेखी कळवावं लागतं, एका सत्रात १५ दिवसांवर गेलं की गव्हर्नरांना, म्हणजे शाळेच्या नियामक मंडळाला, बसून विचार करावा लागतो, आणि वंशवार आकडे सरकार छापतं. तक्त्यातला क्रम त्याने बदललेला नाही, हेही खरं. पण तक्ता समोर धरून भांडता तरी येतं. आपल्याकडे कुणाला किती वेळा वर्गाबाहेर उभं केलं याची नोंद ना शाळा ठेवते, ना सरकार मागतं.

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. शिक्षेची साधी वही या समितीपुढे दर महिन्याला ठेवता येईल: मुलाचं नाव, कारण, शिक्षा देणारा, आणि पाहणारा दुसरा कोणी. अडणार ते चौथ्या रकान्यात. तिथे सही करायची ती बहुधा शिक्षणसेवकाने. माध्यमिकला महिना १८,००० मानधन, तीन वर्षं तात्पुरता, आणि पुढे कायम व्हायचं तर काम समाधानकारक असल्याचा शेरा त्याच वरिष्ठांकडून हवा. खासगी संस्थेत संस्थाचालकांची मर्जी वेगळीच. हे तीन वर्षांचं टांगतं प्रकरण जोवर असं आहे, तोवर तो रकाना कोरा राहील. वादच घालायचा असेल तर ग्रुपवर त्यावर घाला.