साहेब गेले, फायली कुणाकडे?

ओक ट्री रोडवरच्या चहाच्या दुकानामागे पार्किंगला एक बुटकी भिंत आहे. शुक्रवारी रात्री आठनंतर आम्ही चौघं तिथे बसतो. न्यू जर्सीतल्या एडिसन-इझलिनमध्ये आमचा कट्टा तो एवढाच.

या शुक्रवारी पक्या आला तोच तापलेला. स्थलांतरितांना फुकट वकील देणाऱ्या एका संस्थेत तो दोन वर्षं दर मंगळवारी फॉर्म भरायला जातो. तिथल्या संचालक बाईंनी राजीनामा दिला होता. "अशा वेळी? कोर्टात रांगा लागल्यात, लोक घराबाहेर पडायला घाबरतायत, आणि या निघाल्या! जहाज बुडत असताना कप्तान उतरतो का?"

"अरे, बारा वर्षं झाली त्यांना," शमाताई म्हणाली. "दिवसभर दुसऱ्याची रडगाणी ऐकायची, रात्री अडीचला डिटेन्शनमधून, म्हणजे स्थलांतरितांच्या कोठडीतून, फोन घ्यायचा. हाडामांसाचं माणूस आहे ते. तू मंगळवारचे तीन तास देतोस, मग घरी येऊन जेवतोस ना?"

ते पक्याला लागलं. तो गप्प झाला, तेव्हा अण्णा बोलायला लागले. अण्णांची सवय अशी की मुद्दा मांडायचा तर नावागावासकट. त्यांनी मारियेलेना इंकापिये यांचं नाव काढलं. कोलंबियातल्या मेडेयीनमध्ये जन्म, लहानपणीच ऱ्होड आयलंडच्या सेंट्रल फॉल्समध्ये आलेली मुलगी. २००० साली नॅशनल इमिग्रेशन लॉ सेंटर या स्थलांतरितांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेत वकील म्हणून लागली, २००८ पासून तिथली प्रमुख. "२०१७ च्या जानेवारीत सात देशांच्या लोकांवर अमेरिकेत यायला बंदी आली, ती शुक्रवारी. शनिवारी रात्री ब्रुकलिनच्या न्यायाधीश अ‍ॅन डॉनेली यांनी विमानतळावर अडकलेल्यांना परत पाठवायला स्थगिती दिली. त्या दाव्यातल्या वकिलांत हे सेंटर होतं. २०२० च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टात डाका, म्हणजे लहानपणी अमेरिकेत आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्यांना हद्दपारीपासून वाचवणारी योजना, पाच विरुद्ध चार मतांनी वाचली, साडेसहा लाख पोरांचा प्रश्न होता, त्यातही हे सेंटर होतं. आणि २०२२ मध्ये बाई पायउतार झाल्या. चौदा वर्षांनी. संस्था बंद पडली का? किका माटोस आल्या, काम चालू आहे."

"म्हणजे कोणीही गेलं तरी चालतं?" पक्या.

"कोणीही गेलं तरी चालेल अशी संस्था उभी करणं, हेच त्या माणसाचं काम. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, फर्ग्युसनला कुलूप लागलं नाही."

"टिळक भांडून गेले होते, अण्णा. भांडून जाणं वेगळं आणि घडी बसवून जाणं वेगळं," शमाताई म्हणाली. मला ते पटलं. आपल्याकडे खुर्ची सोडली की एक तर पळपुटेपणा, नाही तर महात्मेपणा. मधलं काही आपल्याला सुचतच नाही.

मी तोवर ऐकतच होतो, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवेना. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका संस्थेत हिंदी दुभाष्या म्हणून जायचो. एका बाईंच्या आश्रय-अर्जाची केस नुअर्कच्या इमिग्रेशन कोर्टात होती. त्यांचे वकील नोकरी सोडून गेले. निरोप समारंभ झाला, केक कापला, सगळ्यांचे डोळे पाणावले. पण कोर्टाच्या दफ्तरी वकील म्हणून नाव त्यांचंच राहिलं, नव्या वकिलाचा हजेरीचा फॉर्म कोणी भरलाच नाही. नोटीस जाते ती कागदोपत्री जो वकील असेल त्याला. सुनावणी अलीकडे ओढल्याचं पाकीट त्या रिकाम्या टेबलावरच्या ट्रेमध्ये पडून राहिलं. या कोर्टात तारखेला गैरहजर राहिलं, तर तुमच्या पाठीमागे हद्दपारीचा हुकूम निघतो. सरकार वकीलही देत नाही, स्वतःच्या खर्चाने आणायचा. तीन वर्षांच्या पोरालासुद्धा हाच नियम.

बाई वाचल्या त्या स्वतःच्या सवयीने. दर रविवारी रात्री त्या कोर्टाच्या स्वयंचलित फोन लाइनवर आपला नऊ आकडी ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने दिलेला फाइल नंबर, दाबायच्या. तो आकडा त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहिला होता, बोटाने गिरवून गिरवून शाई पुसट झालेली. मशीनने नवी तारीख सांगितली, नऊ दिवसांवरची. सोमवारी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी त्या दारात उभ्या होत्या.

"त्या वकिलांवर माझा आजही राग आहे," मी म्हटलं. "ते गेले म्हणून नाही. जाताना पाकिटं कोण उघडणार, हे सांगून गेले नाहीत म्हणून."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग अण्णांनी आपला मुद्दा जरा मागे घेतला. म्हणाले, मोठ्या संस्थेला संचालक मंडळ असतं, देणगीदार असतात, नवा प्रमुख शोधायला वर्षभर मिळतं. छोट्या संस्थेत प्रमुखच वकील, प्रमुखच हिशेबनीस, आणि अनुदानाचा अर्जही त्यांनीच लिहायचा. २०२५ च्या मार्चमध्ये एकट्या आलेल्या मुलांच्या वकिलांचे सरकारी पैसे तोडले, सुमारे २६,००० मुलांच्या केसेस होत्या. अशा वेळी एक माणूस गेलं तरी तीन कामं उघडी पडतात. शमाताईने मान हलवली, पण आपलं म्हणणं सोडलं नाही. "म्हणूनच सांगते, थकलेल्या बाईला धरून ठेवू नका. थकलेल्या वकिलाच्या हातूनच तारीख चुकते."

पक्याचा राग पुरता गेला नव्हता. "पण लोक त्यांना ओळखतात. ती ग्वाटेमालाची आजी फक्त त्यांच्याशीच बोलते. तो विश्वास कोणाच्या हवाली करणार?" याला आमच्यापैकी कोणाकडेच चोख उत्तर नव्हतं. शमाताई एवढंच म्हणाली, की बाई जायच्या आत त्या आजीशेजारी नव्या वकिलाला चार वेळा बसवा. पाचव्यांदा आजी आपणहून बोलेल.

चहा केव्हाच गार झाला होता. पक्याने फोन काढला आणि विचारलं, "त्या हजेरीच्या फॉर्मचं नाव काय म्हणालास?"

"ई-२८. प्रत्येक केसला वेगळा."

"आमच्याकडे बाईंच्या नावावर चाळीसेक तरी असतील." त्याने मंगळवारची नोंद उघडली आणि अंगठ्याने लिहायला लागला. पहिली ओळ मला दिसली: ट्रेमधली पाकिटं.