तांडेलाविना सेशेल्स

पाच जिवलग मित्रांनी मिळून एक जुनी शिडाची बोट विकत घ्यावी आणि मुंबईहून थेट सेशेल्स गाठावे, असे आपल्या मनात असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन, आणि कृपया काहीही लिहून ठेवू नका. करारनामा परक्यांशी करायचा असतो. मालकी समसमान ठेवली की प्रश्न मिटला. ब्रिटिश कायद्याने जहाजाची मालकी ६४ वाट्यांत विभागली जाते. पाच मित्रांना प्रत्येकी बारा वाटे देऊन चार उरतात. ते सर्वांनी संयुक्तपणे धारण करावेत, भांडणाची सुरुवात करण्यास तेवढे पुरेसे आहेत. आपल्या कोळीवाड्यांत मासळीच्या उत्पन्नात होडीचा आणि जाळ्यांचाही वेगळा वाटा काढण्याची पद्धत आहे. म्हणजे दुरुस्तीचा पैसा वाद होण्यापूर्वीच बाजूला पडतो. हा अनुभव अर्थातच आपल्या उपयोगाचा नाही, कारण आपली बोट नवा खर्च काढणार नाही, असे विकणाऱ्याने आपल्याला तोंडी सांगितलेले आहे.

बोट निवडताना गाद्यांचा रंग नीट पाहावा. ती पाण्याबाहेर काढून, हातोडीने तळ ठोकून, फायबरग्लासमध्ये ओल मुरली आहे का हे तपासणाऱ्या सर्व्हेअरला बोलावण्याचे कारण नाही. तो पैसे घेतो आणि वर वाईट बातमी देतो. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्यात असा जाणकारांचा आग्रह असतो. तारांचे वय विचारणे असभ्यपणाचे आहे असे समजून आपण डोलकाठीशेजारी छायाचित्र काढून घ्यावे.

आता कप्तान. येथे कोणाच्याही दबावाला बळी पडू नये. होडीवर तांडेल एकच असतो आणि वादळात त्याच्या शब्दावर चर्चा होत नाही, ही आपल्या सुशिक्षित मित्रमंडळाला न शोभणारी हुकूमशाही होय. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून २५४ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्यांची कप्तान लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आहेत, हे निघण्यापूर्वीच ठरलेले होते. त्याआधी २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादई'तून एकटेच जगाला वळसा घालून आले. एकटे असल्यामुळे त्यांना ठराव मांडण्याची आणि अनुमोदक शोधण्याची सोय नव्हती. आपल्याकडे ती आहे. रात्री दोन वाजता क्षितिजावर ढग काळवंडले आणि शीड कमी करावे की नाही असा प्रश्न उभा राहिला, तर झोपलेल्या सभासदांना उठवून, गणपूर्ती होईपर्यंत थांबून, बहुमत घ्यावे. वाऱ्याला इतिवृत्त वाचून दाखवल्यास तो ऐकेल, अशी आशा बाळगण्यास हरकत नाही. समसमान मते पडण्याची भीतीही नाही, कारण पाचांपैकी एक जण बोट लागल्याने बादलीसमोर बसलेला असेल आणि तो दोन्ही बाजूंना मत देईल.

निघण्याची तारीख सर्वांच्या रजेवरून ठरवावी, हे तर उघडच आहे. मुंबई ते सेशेल्स अंतर सुमारे १,७५० सागरी मैल. ताशी पाच सागरी मैलांच्या वेगाने, रात्रंदिवस, वारा मनासारखा मिळाला तर साधारण पंधरा दिवस लागतात. म्हणजे कार्यालयाने पंधरा दिवसांची रजा दिली की हिशोब अचूक जुळतो. परत येण्याचा मुद्दा पुढील बैठकीत घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत ईशान्येचा वारा जाताना पाठीशी असतो आणि परतताना तोच तोंडावर येतो. विषुववृत्ताजवळ वारा पडला, तर इंजिन आहेच. दीडशे लिटर डिझेल आणि तासाला तीन लिटर खप धरल्यास पन्नास तास, म्हणजे अडीचशे मैल. उरलेले मैल मैत्रीच्या बळावर कापावेत. मुलांच्या परीक्षांमुळे मे महिन्यात निघावे लागले तरी मन खट्टू करू नये, त्या सुमारास तौक्तेसारखी चक्रीवादळे अरबी समुद्रात येतात आणि कंटाळा येत नाही. जूनपासून नैर्ऋत्य वारा घराकडे ढकलतो खरा, पण त्या काळात कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. त्यांना समुद्राची सवय नसावी.

पाण्याबाबत उदार राहावे. तीन-चारशे लिटरच्या टाकीवर पाच जणांना पंधरा दिवस पिणे आणि स्वयंपाक यांपुरते भागते. आंघोळ करणाऱ्या सदस्याचे नाव मात्र सर्वांनी लक्षात ठेवावे. रात्रीची पाळी वाटताना ज्याला सर्वांत जास्त झोप येते त्यास मधली पाळी द्यावी. मालवाहू जहाजांना आपण दिसतोच, असे गृहीत धरावे.

या साऱ्यातून एखादा मित्र कंटाळला आणि आपला वाटा परत मागू लागला, तर त्याची किंमत कशी ठरवायची हे आपण सुरुवातीलाच लिहून ठेवलेले नसल्याने चर्चेला वर्ष-दोन वर्षे मोकळी मिळतात. तोवर बोट बंदरात बांधून ठेवावी. नांगरवाड्याचे भाडे महिन्याच्या महिन्याला येत राहील, तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतील, आणि कोणी किती भरले याचा तक्ता रोज बदलत जाईल. शेवटी विक्रीची जाहिरात लिहिण्याची वेळ येते. 'एकाच मालकाने वापरलेली' असे लिहिण्यावर चौघांचा आक्षेप राहील. 'सागरप्रवासात फारशी न झिजलेली' या शब्दांवर मात्र पाचही जण तत्काळ सह्या करतील.